सहावा पत्ता

आजकाल आमच्या घरी कुणी आपल्या पोरीच्या सोयरिकीबद्दल विचारायला आलं, की आमचे हे आधी चहा सांगतात अन् मग कपाटावरून एक डबा काढतात. डब्यावर काळं आभाळ, त्यात एक जहाज, जहाजाच्या मागून आग निघालेली. आलेल्या माणसाला वाटतं मिठाईच आहे. तो झाकण उघडतो अन् आत पत्ते पाहून यांच्या तोंडाकडे पाहतो.

"घेऊन जा," हे म्हणतात. "पोरासंगं बसून तीन डाव खेळा. मंग मले फोन करा."

"पत्ते? दौलतराव, तुमी सांगता पत्ते खेळाले?"

"मीच सांगतो. आजपावतर इतक्या चौकश्या केल्या, यच्याइतकी खरी एक नाई झाली."

मी आतून ऐकते अन् हसते. कारण दोन वर्षांपूर्वी याच डब्यापायी या माणसानं पोरीचं सोन्यासारखं स्थळ मोडायला काढलं होतं, अन् माझी पलंगावरची धडधाकट गादी उसवून घेतली होती. ती गादी मी अजून विसरले नाही.

आमच्या यांची ओळख सांगायची तर शेती नऊ एकर, सोयाबीन अन् तूर, घर मालेगावात वाशीम रोडला. पण शेतीपेक्षा जास्त वेळ यांचा संशय घेण्यात जातो. एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर दुसऱ्याला दाखवून मगच घेणार. बसमध्ये बसले की ही बस खरंच वाशीमला जाते का, हे कंडक्टरला विचारून झाल्यावर पुन्हा मागच्या सीटवरच्याला विचारणार. माझ्या माहेरून पापड आले तरी हुंगून पाहतात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, अजून हुंगतात बाप्पा!

हा स्वभाव नात्यागोत्यात कामी आला. आमच्याकडे पोरगा दाखवायच्या आधी त्याची गावात चौकशी होते, अन् ती कुणी करायची म्हटलं की सगळ्यांचं बोट यांच्याकडे. हे गाडी काढतात, पोराच्या गावी जातात, पानठेल्यावर सुपारी मागतात, न्हाव्याकडे दाढीला बसतात, किराणा दुकानात विनाकारण साबण घेतात. बोलता बोलता विषय काढतात, की अमक्याचा पोरगा कसा आहे हो? आमच्या घरात सात वर्षं पुरेल एवढा साबण आहे. अन् अकरा सोयरिकी यांच्या एका शब्दावर मोडल्या आहेत. दोन घरं आजही आम्हाला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत.

पण हे असे आधीपासून नव्हते. यामागे तुळसाबाई आहे.

तुळसाबाई माझी नणंद, यांची धाकटी बहीण. तिच्या लग्नाच्या वेळी चौकशीला हेच गेले होते. तेव्हा हे लोकांवर विश्वास ठेवायचे. त्या गावचा पानठेलेवाला म्हणाला, पोरगा गाय आहे गाय. न्हावी म्हणाला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. शेजारीण म्हणाली, तुमच्या बहिणीचं नशीब उघडलं. यांनी आनंदानं होकार दिला अन् लग्न लावलं. तो माणूस खरंच दारू प्यायचा नाही, पत्ते खेळायचा नाही. नुसता पट्ट्यानं मारायचा. आधी आईला मारायचा, मग तुळसाबाईला. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लग्न जमत असताना आपण कशाला मधात तोंड घालायचं, म्हणून सगळे गोड बोलले होते. चार वर्षांनी तुळसाबाई एक पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. तिच्या मनगटाचं हाड वाकडं बसलं होतं, ते आजही तसंच आहे.

तेव्हापासून पुढं अठरा वर्षं, घरात कुणाच्याही लग्नाची गोष्ट निघाली की ती उठून स्वयंपाकघरात जायची. पाहुणे असले तर बाहेर यायचीच नाही. अन् तेव्हापासून यांचा कुणाच्या चांगल्या शब्दावर विश्वास नाही. कुणी पोराची तारीफ केली, की यांच्या कपाळावर आठी येते.

तर आमच्या निकितासाठी मंगरूळपीरचं स्थळ आलं. पोरगा हरीओम, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. मोबाईलवर बायोडाटा आला. उंची, शिक्षण, मामेकुळ, सगळं ठीक. खाली छंद म्हणून एक ओळ होती. बाकीच्या पोरांचं तिथं ठरलेलं असतं, वाचन अन् क्रिकेट. यानं लिहिलं होतं, 'अंतराळातल्या जहाजांचा पत्त्यांचा डाव. (जुगार नाही.)'

निकिता खो खो हसली. औषधाच्या दुकानात काम करते माझी पोरगी, दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचते. म्हणाली, "आई, इतक्या बायोडाट्यांत पह्यल्यांदा कोनंतरी खरं लिहिलं. मले हा पोरगा पाहाचा आहे."

यांनी मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब नेला. म्हणाले, "जुगार नाई, असं लिहाची गरज काहून पडली त्याले? म्या कधी लिहिलं काय, दौलतराव, चोर नाई म्हनून?"

"बाबा, तुमी चौकशी करा, पन नीट करा," निकिता म्हणाली. हसू गेलं होतं तिचं. "तीन स्थळं मोडली तुमी माही. एक तं त्याच्या चुलत्याच्या गाडीचा आवाज मोठा म्हनून मोडलं. आता हे बी असंच मोडलं तं मी पुन्हा कोनासमोर पोहे घेऊन येनार नाई. सांगून ठेवतो."

आपल्या बापाचीच पोरगी. बोलली म्हणजे केलं. मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्याच दिवशी हे मंगरूळपीरला गेले. दवाखान्यासमोर सोमला नावाच्या माणसाचा पानठेला आहे, तिथं यांनी सुपारी घेतली. संध्याकाळी परत आले ते तोंड पाडून.

"काय म्हणला पानठेलेवाला?" मी विचारलं.

"लई चांगला पोरगा म्हणे. बैल अडला तं सुटीच्या दिवशी बी जाते म्हणे. सोमला तं आरतीच ओवाळून राह्यला होता त्याची."

"मंग चांगलंच आहे ना!"

"तुळसाच्या टायमाले बी असेच ओवाळत होते." एवढं बोलून ते चूळ भरायला गेले. परत येऊन म्हणाले, "दर रविवारी दुपारी युनूस गादीवाल्याच्या दुकानात पत्त्याचा डाव बसते म्हणे. दोघंच. शटर अर्धं खाली. आता सांग, जुगार नाई तं शटर काहून खाली?"

"उनामुळं असंन!"

"ऊन!" हे म्हणाले, अन् त्या एका शब्दात त्यांनी मला जगातली सगळ्यात भोळी बाई ठरवलं.

त्या रविवारी सकाळी उठून पाहते तर माझ्या पलंगावर नुसत्या फळ्या. गादी अंगणात दोरीनं बांधलेली. गादीवाल्याकडे जायला निमित्त पाहिजे म्हणून माझी चांगली गादी पिंजायला निघाली होती! मी बोलायचं ते सगळं बोलले. पण मोटरसायकलवर गादी एकट्यानं नेता येत नाही, मागून धरायला माणूस लागतं. ते माणूस मी. मालेगाव ते मंगरूळपीर मी गादीला मिठी मारून गेले. रस्त्यानं जाणारी पोरं हसत होती. मी मनात यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

युनूसभाईंच्या दुकानाचं शटर खरंच अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो. सगळीकडे कापसाची भुकटी, अन् नव्या गाद्यांच्या थप्पीवर दोन माणसं मांडी घालून बसलेली. युनूसभाई पन्नाशीचे, दाढीत कापूस अडकलेला. समोरचा पोरगा सावळा, किडमिडीत, कान जरा मोठे. फोटोतलाच हरीओम. दोघांच्या मधात पत्ते मांडलेले, बाजूला तो आगीच्या जहाजाचा डबा.

"आवो, आवो भाऊसाहेब," युनूसभाई उठले. यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अन् गादी दाबून म्हणाले, "अरे, ही तं अजून पाच साल चालन!"

"कडक झाली," हे म्हणाले.

मी दोरीची गाठ ओरबाडून सोडली. यांनी मात्र बसायच्या निमित्तानं शेजारच्या गादीचा कोपरा उचलून खाली पाहिलं. मला कळलं, पणाला लावलेल्या नोटा शोधत आहेत. खाली काही नव्हतं. मग हरीओमच्या मागच्या उशीखाली हात घातला. तिथं चार चण्याचे दाणे अन् बैलाच्या औषधाची रिकामी बाटली निघाली. बाटली हुंगली. मेली औषधाचीच होती.

"काका, डाव पाहाचा असंन तं इकडं सरका," हरीओम म्हणाला. "तिकून दिसनार नाई."

"कशाचा डाव?"

बस्स. एवढंच विचारायची खोटी. तो पोरगा असा खुलला, की विचारू नका. मला वाटतं गावात त्याला युनूसभाईंशिवाय ऐकणारं कुणी मिळालं नसावं.

"काका, मले बावन्न पत्त्याइचा डाव येतच नाई. हा येगळा आहे. हे पाहा, सुरुवातीले सगळ्याइले दहाच पत्ते. माहे दहा अन् युनूसभाईचे दहा, सारखे. सात डबडी मालाची जहाजं अन् तीन पहारेकरी. कोनाले जास्ती नाई, कोनाले कमी नाई. दर खेपेले आपल्या गठ्ठ्यातून पाच उचलाचे. जहाजाइवर जेवढा माल, तेवढ्यात मधातल्या बजारातून नवं जहाज घ्याचं. जो आधी सात ग्रहावर पोचला तो जिंकला."

"अन् पैसे?"

"पैसे नाई काका. हे पत्त्यावर लिहिलं तेवढाच माल."

"मंग मजा काय त्याच्यात?"

"हेच तं सांगून राह्यलो!" तो गुडघ्यावर आला. "घेतलेलं जहाज लगेच हातात येत नाई. ते जाते आपल्या गठ्ठ्यात. गठ्ठा सरला का पिसाचा, मंग कधीतरी हातात येते. म्हनजे आज जे घेतलं ते उद्या आपल्यालेच वापराचं आहे. भारी दिसलं म्हनून काहीबी घेतलं तं मागाहून आपलाच हात जड होते. अन् हे एक पाहा, हे गॅरेज. हे आलं का एक डबडं जहाज कायमचं बाहेर टाकता येते. पह्यले मले वाटे, पत्ते टाकून नुकसानच होते. पन नाई काका, डबडी गेली का चांगली लवकर हातात येतात. अर्ध्या घंट्यात डाव सरते. तुमी एक डाव खेळाच. आवडला नाई तं माहं नाव बदला."

पत्ते इंग्रजीत होते, पण प्रत्येकाच्या प्लास्टिकमध्ये यानं मराठी चिठ्ठी घातली होती. एका भल्यामोठ्या जहाजावर 'बुलंद बैल' असं लिहिलेलं. मला गंमत वाटली. यांनी मात्र प्रत्येक पत्ता उलटा करून उजेडात धरला, मागं खूण केली आहे का पाहायला. तासभर आम्ही बसलो. यांनी पोराच्या तोंडाचा वास येईल इतक्या जवळ जाऊन तीनदा वेळ विचारली. हरीओम हरला. हसून पत्ते गोळा करायला लागला.

परत येताना मी म्हणाले, "आता तं झालं समाधान? पोरगा किती साधा आहे!"

"जास्तीच साधा आहे," हे म्हणाले. "हरला अन् हसला. हरल्यावर कोनी हसते काय? समोर कोनी नवं बसलं का सगळेच हसतात. तुळसाचा नवरा तं लई हसे."

त्या आठवड्यात मी फळ्यांवर चादर टाकून झोपले अन् माझी पाठ धरली. निकिता बापाशी बोलत नव्हती. तुळसाबाई भाकरी वाढायची अन् आत जायची. एकदा मीच तिला म्हणाले, "तुमी तरी सांगा ना दादाले." तिनं नुसती मान हलवली. म्हणाली, "मी कोन्या तोंडानं सांगू वहिनी? हो म्हणलं अन् उलटं निघालं तं?"

पुढच्या रविवारी गादी आणायला गेलो. युनूसभाईंनी गादी अशी फुगवली होती, की माझा अर्धा राग तिथंच गेला. यावेळी हे आपणहून थप्पीवर चढले अन् म्हणाले, "वाटा मलेबी."

हरीओमचा चेहरा उजळला. यांना दहा पत्ते मोजून दिले, नियम पुन्हा सांगितले. खेळ सुरू झाला. अन् तुम्हाला खरं सांगते, आमचे हे बरे खेळत होते. हात राखून, काही घ्यायच्या आधी दोनदा विचार करून. दोन ग्रह त्यांनी मिळवलेसुद्धा.

मी मागं स्टुलावर बसले होते. तिथून मला यांचा हात दिसत होता. चौथ्या की पाचव्या खेपेला यांनी गठ्ठ्यातून पत्ते उचलले. एक, दोन, तीन, चार, पाच. अन् हळूच, अंगठ्याखालून, अजून एक.

पंचावन्न वर्षांचा माणूस, पोरीच्या होणाऱ्या नवऱ्यासमोर पत्त्यात चोरी करतो! मला वाटलं उठावं अन् हातातून ओढून घ्यावेत. युनूसभाईंनीही पाहिलं, मला कळलं ते. पण त्यांनी नजर खाली केली अन् गुडघ्यावरचा कापूस वेचायला लागले. गिऱ्हाईक होतं, वयानं मोठं होतं. कोण बोलणार?

हरीओमनं आपले पत्ते खाली ठेवले.

"काका," तो म्हणाला, "पाच घ्याचे असतात. तुमच्या हातात सहा आहेत. एक वापस ठेवा."

"पाचच आहेत," हे म्हणाले.

"सहा आहेत काका."

"मले चोर म्हणतो काय बे?" यांनी आवाज चढवला. असा, की बाहेरून जाणारा एक माणूस शटरखालून वाकून पाहायला लागला. "बापाच्या वयाचा माणूस आहो मी! दोन कागदाच्या तुकड्यासाठी माही इज्जत काढतो?"

पोराचे ते मोठे कान लालभडक झाले. युनूसभाई हळूच म्हणाले, "जाने दे ना हरीओम, खेलच तं आहे." पण त्यानं मान हलवली.

"चोर नाई म्हणलं काका. चुकून आला असंन, मलेबी येते कधीकधी. पन सहा आहेत. तुमी मोजून पाहा."

दुकानात कापूस उडायचा तेवढा उडत होता. यांनी टोपी मागं सारली. मग हातातले पत्ते एकेक करून गादीवर ठेवले. मोठ्यानं मोजले. सहा.

"तुले माहीत आहे मी कोन आहो?" यांनी विचारलं. आवाज एकदम उतरला होता.

हरीओमनं खाली पाहिलं. "निकिताचे बाबा. सोमलाभाऊनं त्याच दिवशी सांगतलं. मालेगावची गाडी, पांढरी टोपी, सुपारी घेतली अन् खाल्ली नाई, खिशात ठेवली. चौकशीवाले सगळे तसंच करतात म्हणे."

अठरा वर्षं हा माणूस गुपचूप चौकशी करतो म्हणून मिरवत होता, अन् गावोगावचे पानठेलेवाले त्याची पाठ वळताच पोरांना वर्दी देत होते! दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते.

"म्हनजे पह्यल्याच दिवसापासून माहीत होतं तुले?"

"हो."

"आताबी माहीत होतं? मी नाई म्हणलं तं सोयरीक गेली, हे?"

"हो काका."

"तरी बोलला?"

पोरगा गोंधळला. या प्रश्नात काय विचारायचं आहे, हेच त्याला कळेना. "पन काका," तो म्हणाला, "सहाच होते ना."

हे उठले. गादी गाडीवर बांधली. वाटेत मी विचारलं, मुद्दामच घेतला होता ना? त्यांनी होकाराची मान हलवली. डोळ्यात वारा गेला म्हणत दोनदा गाडी थांबवली.

घरी पोचलो तेव्हा तुळसाबाई स्वयंपाकघरात तूरडाळ निवडत होती. हे चपला न काढता आत गेले अन् तिच्यासमोर जमिनीवर बसले. अठरा वर्षांत या माणसानं बहिणीसमोर सोयरिकीचा शब्द काढला नव्हता. आज सगळं सांगितलं, गादीपासून सहाव्या पत्त्यापर्यंत. निकिता दाराशी येऊन उभी राहिली. मी तिला हातानं गप्प राहा म्हटलं.

तुळसाबाईचा डाळीतला हात थांबला होता.

"त्याले माहीत होतं, तुमी कोन ते?"

"होतं."

"अन् ओरडले बी तुमी त्याच्यावर?"

"ओरडलो. मुद्दाम ओरडलो."

"तरी सहाच म्हणे?"

"सहाच म्हणे."

तिनं ते वाकडं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "दादा," ती म्हणाली, "त्या गावात एकानं जरी तुमाले असं तोंडावर सांगतलं असतं."

यांनी तोंड दोन्ही हातांत झाकलं. मी इतक्या वर्षांत यांना रडताना पाहिलं नव्हतं. निकिता आली अन् बापाच्या पाठीला टेकून बसली.

तुळसाबाईनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले अन् उठून पोह्याचा डबा खाली काढला. किती आहेत ते पाहिलं.

"कधी बोलावता त्याईले?" ती म्हणाली. "पोहे मी करतो. अन् बाहेरबी मीच घेऊन येतो."